तळी बुजली, बाणगंगा राहिली

बाहेरगावचे नातलग मुंबईत आले की गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक एवढे दोन दिवसांत आटोपतात आणि मग हळूच विचारतात, "गर्दी नसलेली एखादी जागा आहे का हो तुमच्या मुंबईत?" आहे ना. मलबार हिलच्या टोकाशी, वाळकेश्वरची बाणगंगा. पण जन्मभर मुलांना इतिहास शिकवलेला माणूस मी. ती शांत आहे यापेक्षा ती उरली कशी, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो.

कारण मंडळी, मुंबई हे एके काळी तळ्यांचे गाव होते. नावेच आठवून पाहा: धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. नावे आपण रोज घेतो, पाणी मात्र कुठेच दिसत नाही. बेटाच्या चहूबाजूंनी खारा समुद्र, त्यामुळे प्यायला विहिरी आणि तळी एवढाच आधार. तळे बांधणे हे पुण्याचे काम. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल, असे तळे बांधणारे पारशी गृहस्थ. धोबीतलावावर कपडे धुतले जात, गोवालिया टँकवर गवळी गुरे आणत.

पुढे १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि उघड्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर बोट ठेवले. विहिरी झाका, बुजवा, असे हुकूम निघू लागले. हिवतापाने माणसे दगावत होती, तेव्हा त्या अधिकाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण नळ आल्यावर तळ्याची गरज संपली होती, आणि गरज संपलेली जागा मुंबईत मोकळी राहत नाही. तिथे रस्ता होतो, इमारत होते, फार तर मैदान होते. गोवालिया टँकच्या अशाच मैदानावर १९४२च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली.

बाणगंगा मात्र राहिली, कारण लोक तिथे नुसते पाणी भरायला जात नव्हते. रामासाठी लक्ष्मणाने बाण मारून पाणी काढले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. बांधीव तलाव शिलाहारांच्या काळातला, ११२७ सालचा मानतात. पोर्तुगीज अमलात इथले जुने देऊळ पडले. १७१५च्या सुमारास रामा कामती यांनी ते पुन्हा उभारले. हे कामती इंग्रज कंपनीच्या विश्वासातले सरदार; पण १७२० साली कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीने त्यांनाच तुरुंगात घातले. माणूस गेला, त्याचे देऊळ राहिले. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तलावाला गोड्या पाण्याचा झरा. त्या पायऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या लोक पितरांचे श्राद्ध करत आले. नळाने पाणी घरात येते, श्राद्धाचा घाट येत नाही.

चर्चगेटजवळच्या भिखा बेहराम विहिरीचेही तसेच. १७२५ साली खोदलेल्या या विहिरीला २०२५ साली तीनशे वर्षे झाली. पारशांच्या श्रद्धेने ती राखली. आत पारशांनाच प्रवेश आहे, पण रस्त्यावरून जाताना क्षणभर थांबावे अशी ती जागा आहे.

म्हणजे या जागा कायद्याने पुढे राखल्या. आधी राखल्या त्या माणसांच्या येण्याजाण्याने. नुसता कायदा पुरत नाही हे २०२४च्या जूनमध्ये दिसलेच. गाळ काढायला बाणगंगेत यंत्र उतरवले आणि जुन्या दगडी पायऱ्यांचे नुकसान झाले. रहिवाशांचे रोजचे लक्ष होते, म्हणून ते लगेच उजेडात आले.

तेव्हा जरूर जा. ग्रँट रोड किंवा चर्नी रोडला उतरून वाळकेश्वरची बस धरा. सर्वपित्री अमावास्या आणि कार्तिकी पौर्णिमा टाळा, एरवी साध्या वारी सकाळी जा. बदके पोहत असतात, भोवती देवळांच्या घंटा. पाण्यात काही टाकू नका, पायरीवर अर्धा तास बसा. आणि घरी परतल्यावर आपल्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे पूर्वी तळे कुठे होते? उत्तर मिळाले तर मला अवश्य कळवा.