एक पान जास्तीचं

सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्तीचं वाढतात. "हे काळ्या पाण्यावरच्या बाबांचं," आजी सांगायची. बाबा म्हणजे तिच्या आजेसासऱ्यांचे धाकटे भाऊ. १८८० च्या आसपास बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून माणूस मेला आणि ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना अंदमानला धाडलं. आजी लग्न होऊन आली तेव्हा त्यांची बायको हयात होती. डोळे गेलेले, पण कपाळी रोज चाचपून कुंकू लावायची. तिच्या देखत ते पान वाढायची कुणाची छाती नव्हती.

आजीची गोष्ट जहाज सुटलं की संपायची. पुढचं मी पुस्तकांतून शोधलं.

आपलं अंदमान सेल्युलर जेलपाशी सुरू होतं. ते जेल बांधायला घेतलं १८९६ मध्ये. कैद्यांचं पहिलं जहाज तर मार्च १८५८ मध्येच पोर्ट ब्लेअरला लागलं होतं. मधल्या वर्षांत कैद्यांनीच जंगल तोडलं, दलदली बुजवल्या, हिवतापानं माणसं पटापट मेली. गळ्यात लाकडी बिल्ला असायचा. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख. वर्षानुवर्षं नीट वागलेल्याला सुटं राहायचं तिकीट मिळे. मग तो 'सेल्फ सपोर्टर'. स्वतःची शेती, गुरं, स्वतःची चूल. परवानगी काढून स्त्रीकैद्याशी लग्नही करता येई. जात, मुलूख, भाषा जुळतीलच असं नव्हतं. मुलं हिंदुस्तानी बोलत वाढली. त्यांच्या वंशजांना तिथं आजही 'लोकल बॉर्न' म्हणतात. शिक्षा संपल्यावरही कितीतरी जण परतलेच नाहीत.

बाबा त्यांतले होते का, याचा कागद मला सापडला नाही. पोर्ट ब्लेअरला एका लोकल बॉर्न घरी गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाईंचे पणजोबा मुंबई इलाख्यातले. गाव कुठलं, विचारलं. "मुल्क की बात घर में कोई करता नहीं था," त्या म्हणाल्या. त्यांची गोष्ट जहाज धक्क्याला लागल्यावर सुरू होत होती.

परतताना ती कुंकू चाचपणारी म्हातारी डोळ्यांपुढून हलेना. तरीही मनापासून वाटत राहिलं, बाबांना तिथं कुणाच्या तरी हातची गरम भाकरी मिळाली असावी.

यंदा त्या पानाशेजारी मी आणखी एक पान मांडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. वाकून त्यावर मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली.