शत्रूचा शत्रू : एका वचनाचे मूळ

‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ हे वचन सर्वांच्या तोंडी आहे आणि ते बहुधा चाणक्याच्या नावावर सांगितले जाते. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात हे वाक्य या शब्दांत आढळत नाही. तेथे आहे तो विचार याहून सूक्ष्म आहे.

हा ग्रंथ दीर्घकाळ विद्वानांना मुख्यत्वे इतर ग्रंथांतील उल्लेखांवरूनच ठाऊक होता. तंजावरकडील एका पंडिताने त्याचे हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिले. तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनी ते ओळखले व १९०९ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. तिच्या सहाव्या अधिकरणात बारा राजांचे ‘मंडल’ वर्णिले आहे. विजयाची इच्छा धरणाऱ्या राजाच्या सीमेला ज्याची सीमा भिडते, तो त्याचा स्वाभाविक शत्रू. त्या शत्रूच्या पलीकडचा, तो मित्र. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातही हाच विचार आला आहे.

म्हणजे येथे मैत्री जडते ती मुख्यत्वे भूमीच्या स्थानावरून. मधला शत्रू नाहीसा झाला की पलीकडचा मित्र शेजारी होतो, आणि शेजारी झाला की शत्रूच्या जागी येतो. म्हणूनच सातव्या अधिकरणात, बळावून हाताबाहेर जाणाऱ्या मित्राला आवरावे कसे, याचाही विचार केलेला आहे. लोकवचनाने पहिला अर्धा भाग तेवढा जपला. दुसरा गळून पडला.

त्या गळलेल्या अर्ध्याची किंमत मराठ्यांनी मोजली. १७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज कंपनी टिपूविरुद्ध एकत्र आले. १७९२ च्या तहाने टिपूचे अर्धे राज्य गेले व मराठ्यांची सीमा तुंगभद्रेपर्यंत पोहोचली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि म्हैसुरावर कंपनीचे वर्चस्व आले. कालचा मित्र आता सीमेवर उभा होता. अवघ्या चार वर्षांनी, १८०३ मध्ये, असईच्या रणभूमीवर शिंदे व भोसले यांच्या फौजा त्याच कंपनीशी लढल्या आणि हरल्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

चाणक्याच्या नावाने हे वचन उच्चारणाऱ्याने त्याचा राहिलेला अर्धा भागही स्मरावा : शत्रूचा शत्रू मित्र खरा, परंतु मधला शत्रू आहे तोवरच.