कुक, जेम्स : नावाचा प्रसार

ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक (1728–1779) याचे नाव पॅसिफिकभर पसरले, पण अनेक ठिकाणी ते इतरांनी दिलेले आहे. ‘कुक बेटे’ हे नाव एका रशियन नकाशाने रूढ केले. त्यांतले सर्वांत मोठे रारोटोंगा बेट कुकने पाहिलेसुद्धा नव्हते! न्यूझीलंडच्या सर्वोच्च शिखराचे अधिकृत नाव 1998 पासून ‘आओराकी/माउंट कुक’ असे आहे; माओरी नावाला अग्रमान आहे.

बोलीभाषेने मात्र त्याचा फारसा आब राखला नाही.

कुकने न्यूझीलंडमध्ये डुकरे आणली, म्हणून तिथल्या रानडुकराला ‘कॅप्टन कुकर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन बोलीत ‘कॅप्टन कुक’ म्हणजे नजर टाकणे, कारण ‘लुक’शी ‘कुक’चे यमक जुळते. पुष्कळदा यमकाचा ‘कुक’च गळतो आणि नुसता ‘कॅप्टन’ उरतो.