मैदानाचा ताबा आणि महिला गोल्फची कारकीर्द

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी तालुक्यात जमिनीचा विचार संत्रा, कपाशी आणि तुरीच्या हिशेबाने होतो, तर गोल्फच्या अठरा खळग्यांच्या मैदानाला साधारणपणे शंभराहून अधिक एकर सलग जमीन आणि हिरवळ जगवण्यासाठी वर्षभर पाणी लागते. म्हणूनच भारतातील महिला गोल्फचा इतिहास हा खेळाडूंच्या कौशल्याइतकाच मैदानांच्या ताब्याचाही इतिहास ठरतो. कुस्तीचा आखाडा गाव स्वतःच्या बळावर उभारते आणि आष्टीला जवळ असलेल्या अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था लोकांच्या आधारावर वाढू शकते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्या खेळाचा पट तर टेबलावर मावतो. गोल्फचे मात्र तसे नाही, कारण ज्याच्या हाती मैदान, त्याच्या परवानगीवाचून मुलीच्या हाती स्टिकही येत नाही.

भारतात ही मैदाने ब्रिटिशांनी आखली. कोलकात्याचा क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. पुढे छावण्यांच्या गावांतही हा खेळ अधिकाऱ्यांच्या सोयीने पसरला. स्वातंत्र्यानंतर क्लबांचे सदस्यत्व भारतीय अधिकारी, उद्योजक आणि व्यापारी यांच्याकडे आले आणि स्त्रियांचा प्रवेश बहुधा सदस्याची पत्नी किंवा कन्या या नात्यानेच होत राहिला. या वर्तुळातूनही उत्तम खेळाडू घडल्या, हे नाकारता येणार नाही. १९७७ चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सीता रॉली या त्यांपैकी एक. परंतु त्यांचा काळ हौशी खेळाचा, म्हणजे बक्षिसाची रक्कम न घेता खेळण्याचा होता, आणि त्यामुळे गोल्फवर चरितार्थ चालवणारी स्त्री ही कल्पनाच येथे रुजलेली नव्हती.

अमेरिकेत तेरा खेळाडूंनी मिळून १९५० मध्ये महिला व्यावसायिकांची संघटना, म्हणजे एलपीजीए, स्थापन केली होती. तिच्या ‘टूर’वर, म्हणजे वर्षभर गावोगावी चालणाऱ्या स्पर्धामालिकेवर, सदस्यत्व मिळवणारी पहिली भारतीय होण्यासाठी कोलकात्याच्या स्मृती मेहरा यांना १९९० चे दशक उजाडावे लागले. या व्यवसायात पगार नसतो. पात्रता फेरीतून टूरचे ‘कार्ड’ मिळवावे लागते, प्रवासाचा, मुक्कामाचा आणि स्टिकची पिशवी वाहून सल्ला देणाऱ्या कॅडीचा खर्च खेळाडूलाच पेलावा लागतो, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर लागणाऱ्या ‘कट’मध्ये, म्हणजे गाळणीत, जी बाहेर पडते तिला बहुतेक स्पर्धांत त्या आठवड्याची कमाईच मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर बंगळूरच्या अदिती अशोकची कारकीर्द वेगळी उठून दिसते. १९९८ मध्ये जन्मलेल्या अदितीचे कुटुंब गोल्फ खेळणारे नव्हते. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या सराव मैदानाशी तिचा संबंध लहानपणी आला आणि आईवडीलही तिच्याबरोबरच हा खेळ शिकले. २०१६ मध्ये व्यावसायिक झाल्यावर त्याच वर्षी तिने गुरुग्राम येथील इंडियन ओपन जिंकली आणि महिलांच्या युरोपीय टूरवरील विजेतेपद पटकावणारी ती पहिली भारतीय ठरली. रिओ ऑलिंपिकमध्ये तिची पिशवी वडिलांनी वाहिली, तर २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आईने. तेथे ती चौथी आली आणि पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी गमावल्यानंतरही तिला रौप्यपदक मिळाले, आणि आशियाई स्पर्धेतील गोल्फमध्ये भारतीय स्त्रीला मिळालेले ते पहिलेच पदक होते. टोकियोच्या चौथ्या क्रमांकाची जेवढी चर्चा झाली, तेवढी या पदकाची झाली नाही, हे काहीसे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

हरियाणाच्या दीक्षा डागरची वाट निराळी होती. जन्मापासून श्रवणदोष असलेल्या दीक्षाला लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांनी घडवले, आणि सैन्याच्या ताब्यातील मैदाने तिला खुली झाली. अठराव्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, तिने दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. वसाहतकाळात ज्या छावण्यांनी हा खेळ सामान्य रयतेपासून दूर ठेवला, त्याच व्यवस्थेने येथे एका मुलीला दार उघडून दिले. मात्र हे दार सैनिकी कुटुंबाचे आहे, आणि आष्टीसारख्या भागातील शेतकरी घराला ते आपोआप लाभत नाही.

महाराष्ट्रात महिलांच्या देशांतर्गत व्यावसायिक मालिकेचे टप्पे चेंबूर आणि पुणे येथील क्लबांच्या मैदानांवर झाले आहेत. तेथे बाहेरगावची खेळाडू स्पर्धेच्या आठवड्यापुरती उतरू शकते. रोजच्या सरावाला मैदान मिळायचे, तर तिला क्लबचे सदस्यत्व, असोसिएशनचे सराव मैदान किंवा लष्करी कुटुंबाचा हक्क यांपैकी एक वाट बहुधा गाठावी लागते.