पोटाच्या घेराची कुळकथा

दवाखान्यात पोटाचा घेर मोजण्याची पद्धत फार जुनी नाही. विसाव्या शतकात बराच काळ लठ्ठपणा ठरत असे तो वजनकाट्यावर. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३०च्या दशकात दाखवले होते. पुढे अमेरिकेतील विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले आणि १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी केतले यांच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. या साऱ्या खटाटोपात वजन किती, एवढेच पाहिले जाई. चरबी शरीरात कोठे साठली आहे, याचा विचार नव्हता.

तो फ्रान्समध्ये मार्सेय येथील डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी केला. १९४७ मध्ये त्यांनी लठ्ठपणाच्या दोन ठेवणी वेगळ्या केल्या. एकीत चरबी मान, खांदे, पोट अशी धडावर चढते. दुसरीत ती नितंब आणि मांड्यांवर उतरते. पहिली पुरुषांत अधिक आढळते, पण स्त्रियांनाही ती चुकत नाही. मधुमेह, रक्तवाहिन्या कठीण होणे, गाऊट हे विकार या पहिल्या ठेवणीच्या मागे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ठेवण ओळखण्यासाठी ते दंड आणि मांडीवरील चरबीची तुलना करत. हे माप किचकट होते, आणि व्हाग यांच्या म्हणण्याकडे वैद्यकाने कित्येक वर्षे फारसे लक्ष दिले नाही.

साधी मोजपट्टी पुढे आली ती स्वीडनमधील योटेबोरी शहरात. तेथे १९१३ मध्ये जन्मलेल्या ७९२ पुरुषांची वयाच्या ५४व्या वर्षी तपासणी झाली आणि नंतर १३ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर जितके जास्त, तितका हृदयविकार आणि पक्षाघात अधिक, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. नुसत्या वजनाच्या निर्देशांकावरून असा अंदाज बांधता आला नाही. स्त्रियांच्या समांतर अभ्यासानेही या गुणोत्तराचे महत्त्व दाखवले. मात्र पुरुषांच्या अभ्यासात धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हिशेबात धरले, की गुणोत्तराचा स्वतंत्र प्रभाव उरत नव्हता. संशोधकांनी हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले, आणि ते फार मोलाचे आहे: पोटाचा घेर या इतर मोजण्यांची जागा घेऊ शकत नाही.

त्याच सुमारास जपानमध्ये ओसाकाच्या संशोधकांनी सीटी स्कॅनवर त्वचेखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी वेगवेगळी मोजली. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले प्रतिहारी शिरेतून (पोर्टल व्हेन) थेट यकृतात पोहोचतात. यकृत मग जास्त ट्रायग्लिसराइड तयार करते आणि इन्सुलिनला नीट दाद देत नाही. एवढ्याने सगळा उलगडा होत नसला, तरी पोट आणि हृदय यांतील दुवा दिसू लागला.

१९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला न जुमानणारे शरीर, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातील मेदांचा बिघाड यांची एक मोट बांधली. तिला त्यांनी ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. आजच्या मेटाबॉलिक सिंड्रोमचे हे पूर्वरूप. त्यात लठ्ठपणा धरलेला नव्हता, कारण सडपातळ माणसांतही हा बिघाड त्यांना दिसला होता. घेर निकषांत आला तो नंतर. ग्लासगोच्या संशोधकांनी १९९५ मध्ये केवळ कंबरेच्या मापाच्या मर्यादा सुचवल्या, आणि २००१ मध्ये अमेरिकी निकषांत पुरुषांसाठी १०२ आणि स्त्रियांसाठी ८८ सेंटिमीटर या मर्यादा ठरल्या.

भारतीयांसाठी हे आकडे फार सैल होते, आणि याचे एक कारण पुण्यात उलगडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. सरासरी वजन तेथे साडेतीन किलो, येथे सुमारे पावणेतीन. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बरीच राखली होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२च्या आसपास. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी मर्यादा खाली आणली: पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर. हाडापेराने बारीक पण पोट सुटलेल्या माणसालाही धोका असतो, हे या आकड्यांमुळे तपासणीच्या कागदावर आले.

माप घ्यायचे ते पँटच्या पट्ट्यापाशी नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, उभे राहून, सहज श्वास सोडल्यावर पट्टी आडवी धरतात. पोट आत ओढायचे नाही. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या २००९ च्या एकत्रित निकषांनुसार घेर हा पाचांपैकी एक. इतर चार म्हणजे ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. कोणतेही तीन जुळले, की निदान होते. उपचारातही पट्टीचा उपयोग आहे: नियमित व्यायामाने आतड्यांभोवतीची चरबी घटते तेव्हा वजन काही वेळा जागचे हलत नाही, घेर मात्र कमी झालेला असतो.