तालमीतल्या गाण्याचे कुळशील



सफाळ्याच्या श्रोत्यांपुढे लंडनच्या एका अर्धवट गाण्याची गोष्ट कशासाठी, असे आपणांस वाटेल. आमची उमर युनियनच्या कामात गेली. संगीतातले आम्हांस फारसे कळत नाही. पण या गाण्याचे मूळ शोधता शोधता आम्ही गोदी कामगारांच्या एका संपापाशी येऊन थबकलो. ती हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

बीटल्स या चौघांचे नाव आपण ऐकलेले आहे. त्यांतला जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईस येऊन आपल्याकडील वादकांचे ध्वनिमुद्रण करून गेला होता. पुढच्याच वर्षी, २ जानेवारी १९६९ रोजी, चौघांनी ट्विकनहॅमच्या स्टुडिओत नव्या गाण्यांची तालीम आरंभिली. तिचे चित्रीकरण चालू होते, आणि आवाजासाठी नाग्रा बनावटीची दोन टेपयंत्रे लावलेली होती. एक रीळ सुमारे १६ मिनिटांचे. एक संपत आले की दुसरे सुरू होई. त्यामुळे एकीचे शेपूट दुसरीच्या तोंडाशी जुळते. या जुळणीतूनच कोणती ओळ कोणत्या दिवशी जन्मली याचा माग लागला. पुष्कळ फिती मध्यंतरी चोरीस गेल्या होत्या; जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सुमारे ५०० फिती हस्तगत केल्या.

९ जानेवारीच्या फितीवर ‘कॉमनवेल्थ’ नावाचे गाणे आहे. ते तबकडीवर कधीच आले नाही. पॉल मॅकार्टनी एल्विस प्रेस्लीच्या ढंगाने गातो. जॉन लेनन मधूनच किनऱ्या आवाजात ओ देतो. ‘कॉमन’ या शब्दावर कोटी होते. वरवर पाहता नुसता पोरखेळ! पण त्यात विल्सन, हीथ आणि इनॉक पॉवेल ही पुढाऱ्यांची नावे येतात, आणि तेथेच गाण्याचे मूळ सापडते.

केनियातून निघालेल्या आशियाई लोकांना इंग्लंडचे दार अडविणारा कायदा १ मार्च १९६८ रोजी झाला. तो मजूर पक्षाच्या सरकारने केला. २० एप्रिलला हुजूर पक्षाच्या पॉवेलने बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध बर्मिंगहॅम येथे जहरी भाषण केले. दुसऱ्याच दिवशी हीथने त्याला छायामंत्रिमंडळातून काढले. आणि २३ एप्रिलला लंडनचे गोदी कामगार काम टाकून पार्लमेंटवर चालून गेले. कशासाठी? पॉवेलच्या समर्थनार्थ! संप हे आमचे हत्यार. ते त्या दिवशी दुसऱ्या श्रमिकांवरच उगारले गेले. आमच्या चळवळीच्या इतिहासात हे पान नको वाटते, पण ते फाडता येत नाही.

जानेवारी १९६९ मध्ये राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद लंडनमध्ये भरलेली होती आणि हा विषय वर्तमानपत्रांत रोज होता. तोच तालमीत उतरला. ७ जानेवारीस मॅकार्टनीने ‘गेट बॅक’ची चाल धरली होती, त्या दिवसांत तिलाही पाकिस्तानी लोक रोजगार पळवतात अशा अर्थाच्या ओळी जोडल्या गेल्या. पुढे त्या गळाल्या, आणि ११ एप्रिल १९६९ रोजी तबकडी निघाली तेव्हा परत जाण्याचा पुकारा तेवढा उरला. तो कोणाचा आणि कोणास, याचा मागमूस राहिला नाही.

पुढे चोरून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांतून त्या ओळी बाहेर आल्या आणि मॅकार्टनी वंशद्वेष्टा असल्याचा गवगवा झाला. आपण तर द्वेष्ट्यांचीच थट्टा करीत होतो, असे तो म्हणाला. ‘कॉमनवेल्थ’ शेजारी ठेवून ऐकले की त्याचे म्हणणे पटते. परंतु आमच्या मनात एक प्रश्न राहतोच. एखादा पाकिस्तानी मजूर दाराबाहेरून जाता जाता तेवढीच ओळ ऐकता, तर त्याला काय वाटले असते?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी बोईसरकडील एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही सभा घेत होतो. ‘परप्रांतीयांना हाकला’ म्हणणाऱ्याची नक्कल आम्ही रंगवून केली. लोक पोट धरून हसले. कोणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर टिपला. दोन दिवसांनी ओडिशाकडील कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर गेलो, तर एरवी चहा पुढे करणारी माणसे बसा म्हणेनात. आमच्याच आवाजात त्यांनी ते ऐकले होते. आमची पुढची दहा मिनिटे त्या तुकड्यात नव्हती. समजूत घालावयास चार महिने लागले, आणि दोघे तर कायमचेच दुरावले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: गाणे असो की भाषण, त्याचा न्याय करण्यापूर्वी अलीकडची-पलीकडची फीत ऐकावी. पण बोलणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की ऐकणाऱ्याच्या हाती सगळी फीत क्वचितच पडते. त्या दिवसापासून फाटकावर आम्ही नक्कल करीत नाही. जो येथे घाम गाळतो तो आमचा, हे सरळ शब्दांत सांगतो. हशा पिकत नाही. पण खोल्यांवर चहा पुन्हा मिळू लागला आहे.