पॅट्रिक गेडिस : सागरी जीवशास्त्र आणि मुंबईतील समाजशास्त्र

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली स्थापन झाला व त्याचे पहिले प्राध्यापकपद पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आले. नगररचनाकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. परंतु त्यांचे आरंभीचे संशोधन सागरी जीवांविषयीचे होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यांच्या मुंबईतील कार्याचे यथार्थ मूल्यमापन करावयाचे तर हा पूर्वार्ध ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. लंडन येथे टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली अध्ययन करून ते १८७८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील संशोधन केंद्रात गेले. तेथील वाळूत आढळणारे हिरवे चपटे कृमी सूर्यप्रकाशात वनस्पतींप्रमाणे प्राणवायू सोडतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. पुढे १८८२ मध्ये, काही सागरी प्राण्यांच्या शरीरातील पिवळ्या पेशी म्हणजे स्वतंत्र शैवालेच होत, या मताला त्यांनी बळकटी आणली. प्राण्याने टाकून दिलेली द्रव्ये शैवालास उपयोगी पडतात आणि शैवालाने निर्मिलेले अन्न व प्राणवायू प्राण्यास मिळतात, असा हा परस्परोपकारक सहवास होय. तत्पूर्वी १८७९ मध्ये मेक्सिकोत त्यांस नेत्रविकार जडला व सूक्ष्मदर्शकाचे काम कष्टाचे झाले.

तथापि विषय बदलला तरी दृष्टी बदलली नाही. परिसर, क्रिया व जीव या जीवशास्त्रीय त्रयीशी त्यांनी फ्रेंच विचारवंत ल प्ले यांच्या स्थळ, व्यवसाय व जन या त्रयीची सांगड घातली. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरांची त्यांनी पाहणी केली. १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. आधी निदान, मग आवश्यक तेवढीच शस्त्रक्रिया, हे त्यांचे सूत्र होते.

१९२४ मध्ये गेडिस मुंबईहून गेले आणि विभागाची धुरा मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये हे गेडिस यांच्याच व्याख्यानांना बसलेले व त्यांच्या पाठिंब्याने इंग्लंडला गेलेले विद्यार्थी. केंब्रिजमध्ये ज्या हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पुरा केला, तेही मूळचे सागरी प्राणिशास्त्रज्ञच. प्रवाळांच्या अभ्यासार्थ १८८८ मध्ये टॉरस सामुद्रधुनीत गेले असता ते मानवशास्त्राकडे वळले होते.

असे असले तरी घुर्ये यांनी गुरूंची परंपरा जशीच्या तशी चालविली नाही. जाती, कुल व संस्कृती यांच्या अभ्यासात त्यांनी संस्कृत ग्रंथांचा आधार घेतला. १९३२ मधील त्यांचा जातिविषयक ग्रंथ याची साक्ष देतो. इरावती कर्वे यांच्यासारख्या विद्यार्थिनी याच विभागातून पुढे आल्या. नगराच्या प्रत्यक्ष पाहणीला मात्र गेडिस यांच्या काळातील मध्यवर्ती स्थान उरले नाही. विभागाला आरंभ गेडिस यांनी दिला, त्याचे वळण घुर्ये यांनी ठरविले, असेच म्हणावे लागते. सजीवास त्याच्या परिसरापासून तोडून अभ्यासू नये, हा रॉस्कॉफच्या किनाऱ्यावरील धडा नगरांच्या अभ्यासकांस आजही तितकाच उपयुक्त आहे.